मराठ्यांचा मॅकिआव्हेली

बोरघाट उतरून कोकणात पाऊल टाकणाऱ्या वाटसरूला पहिला विसावा मिळतो तो खोपोलीस. आणि त्या खोपोलीत, सह्याद्रीची कातळभिंत पाठीशी घेऊन, दगडी बांधणीचे जे विस्तीर्ण तळे आणि त्याच्या काठी महादेवाचे जे देवालय आजही उभे आहे, ते उत्तर पेशवाईचे कारभारी बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस, यांनी बांधविलेले आहे. घाटाची चढण म्हणजे त्या काळी माणसांची आणि जनावरांची सत्त्वपरीक्षाच असे. पनवेलच्या बंदरातून चौक आणि खालापूर मागे टाकून आलेले लमाणांचे तांडे, पाठीवर ओझी वाहणारे हमाल, देशावर निघालेले यात्रेकरू आणि सरकारी कागद घेऊन धावणारे जासूद या सर्वांना चढणीच्या तोंडाशी पोटभर पाणी आणि घटकाभर सावली लागे, आणि ही गरज ओळखून पुण्याच्या कारभाऱ्याने येथे पैसा खर्च केला. मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या इंग्रज प्रवाशांनीही पुढे आपल्या टिपणांत या तळ्याची आणि ते बांधविणाऱ्याची नोंद केली.

परंतु त्याच इंग्रजांनी, आणि त्यांच्या मागोमाग इतर युरोपीयांनी, या माणसाला एक पदवीही बहाल केली: ‘मराठ्यांचा मॅकिआव्हेली’. तिच्यात प्रशंसेचा अंश होता हे खरे, पण तिचा मुख्य सूर संशयाचा होता. ज्याच्या शब्दावर विश्वासू नये, ज्याच्या मौनातही डाव असावा, ज्याच्याशी तह करताना शाई वाळेपर्यंत कागदावरून नजर काढू नये, असा पुरुष त्यांना या नावाने सुचवावयाचा होता. इटलीतील एका विचारवंताचे आडनाव तोवर कपटाचा पर्याय होऊन बसले होते. त्या आडनावाचा शिक्का सातासमुद्रांपलीकडच्या एका मराठी मुत्सद्द्यावर उमटला, आणि पुढे स्वजनांनीही तो फारशी चौकशी न करता मान्य केला. एखाद्या राजकारणी पुरुषाच्या नावाचा असा शब्द कसा बनतो आणि तो बनताना त्या पुरुषाच्या चरित्रातले काय गळून पडते, हे समजून घेण्यासाठी कर्जत-खालापूरच्या भूमीइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. कारण नानांच्या ज्या चातुर्याने इंग्रज हतबुद्ध झाले, त्या चातुर्याची कठोर परीक्षा याच घाटाच्या पायथ्याशी झाली.

प्रथम मूळ आडनावाची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. निकोलो मॅकिआव्हेली याचा जन्म १४६९ साली फ्लॉरेन्स नगरात झाला. १४९८ पासून १५१२ पर्यंत त्या प्रजासत्ताकाच्या दफ्तरात तो चिटणिशीचे काम करीत होता. फ्रान्सच्या राजाकडे, पोपकडे, सेझारे बोर्जासारख्या निर्घृण सरदाराकडे आपल्या नगरीचा वकील म्हणून त्याने खेपा घातल्या, आणि स्वतःची खडी फौज नसलेल्या राज्याची बलाढ्य शेजाऱ्यांच्या दारात कशी मानखंडना होते, हे डोळ्यांनी पाहिले. १५१२ मध्ये मेडिची घराणे परत सत्तेवर आले, तेव्हा त्याची नोकरी गेली. पुढील वर्षी कटाच्या संशयावरून त्याला कैद झाली आणि दोरीला टांगून त्याचे हाल करण्यात आले. सुटकेनंतर खेड्यातल्या घरी बसून त्याने जो छोटा ग्रंथ लिहिला, तो ‘राजा’ या अर्थाच्या नावाने त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १५३२ साली, छापला गेला आणि १५५९ साली पोपच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत जाऊन पडला. याच लेखकाने प्राचीन रोमच्या इतिहासावर भाष्य करताना लोकसत्ताक राज्याचा मनःपूर्वक पुरस्कार केला होता; पण त्या भाष्याची आठवण जनसामान्यांना राहिली नाही. १५७२ साली फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांची भीषण कत्तल झाली, तिचा दोष राजमातेच्या इटालियन सल्लागारांवर आणि त्यांच्या या ‘गुरू’वर ठेवला गेला. १५७६ साली इनोसंट जांतिये या फ्रेंच लेखकाने त्याच्या खंडनार्थ मोठा ग्रंथ लिहिला, आणि मूळ पुस्तकाचे ज्यांनी पानही उलटले नव्हते अशा कितीकांनी या खंडनावरूनच आपले मत बनविले. इंग्रजी रंगभूमीवर मार्लोने तर त्याचे भूतच नाटकाच्या आरंभी आणून उभे केले. ग्रंथ दृष्टीआड गेला, नाव मात्र गावोगाव फिरले.

आपल्याकडे हे घडलेले नाही असे म्हणता येणार नाही. चंद्रगुप्ताला पाटलिपुत्राच्या सिंहासनावर बसविणाऱ्या कौटिल्याचा ‘अर्थशास्त्र’ हा ग्रंथ शतकानुशतके विद्वानांनाही दुर्मीळ झाला होता. म्हैसूरच्या रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी तो १९०९ साली छापून प्रसिद्ध केला. तोपर्यंत कौटिल्याची ओळख होती ती मुख्यतः ‘मुद्राराक्षस’ नाटकातून आणि दंतकथांतून, म्हणजे हेर, विषकन्या आणि बनावट मुद्रा यांच्या गोष्टींतून. जमिनीची मोजणी, कालव्यांची निगा, वजनमापांची तपासणी, दुष्काळात प्रजेला द्यावयाचे धान्य यांविषयी त्याने किती बारकाईने लिहून ठेवले आहे याची जाणीव कोणाला नव्हती, आणि म्हणून त्याच्या नावाचे नाते कुटिलतेशी जोडणे सर्वांना सोपे गेले.

नानांची हकीकत या दोघांहून वेगळी अशासाठी आहे, की त्यांनी राजनीतीवर ग्रंथ लिहिला नाही. त्यांचा ग्रंथ म्हणजे त्यांचे दफ्तर. भानू घराणे मूळचे कोकणातल्या वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे पेशवे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीस गेले असता १७१९ साली तेथील दंगलीत कामी आले, आणि तेव्हापासून फडणिशीचा हुद्दा या घराण्यात स्थिरावला. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला; वडील १७५६ साली वारले आणि मिसरूडही न फुटलेल्या मुलाच्या हाती फडाची लेखणी आली. फड म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचा कणा. कमाविसदारांचे हिशेब तेथे रुजू व्हावयाचे, ताळेबंद तेथे जुळावयाचे, सनदा आणि नेमणुकांच्या याद्या तेथे सिद्ध व्हावयाच्या. कोणत्या परगण्याचा वसूल थकला आहे, कोणत्या सरदाराची फौज कागदावर किती आणि मैदानावर किती, कोणत्या किल्ल्यावर किती महिन्यांचा दाणागोटा शिल्लक आहे, हे ज्या माणसाला नित्य ठाऊक असते, त्याला राज्याच्या बळाविषयी भ्रम राहत नाही. तलवारीच्या फुशारकीने पुष्कळांचे डोळे दिपतात. फडावर बसणाऱ्याला त्या तलवारीचा रोजमुरा चुकता झाला आहे की नाही हे पाहावे लागते. नानांच्या पुढील सर्व राजकारणाचे मूळ या सवयीत आहे.

दुसरा संस्कार पानिपतचा. १७६१ च्या त्या रणांगणावर अठरा वर्षांचे नाना उपस्थित होते. तीर्थयात्रेच्या हेतूने आई आणि पत्नीही सैन्याबरोबर आल्या होत्या. पराभवानंतर झालेल्या वाताहतीचे वर्णन नानांनी स्वतः आपल्या छोट्या आत्मवृत्तात करून ठेवले आहे; ते वाचताना, मराठी राज्याचा पुढचा सर्वाधिकारी उंच गवतात दडून राहिला आहे, पायांत पादत्राण नाही, पोटात अन्न नाही, बरोबरचे सोबती डोळ्यांदेखत नाहीसे होत आहेत, हे चित्र मनावर कोरले जाते. पत्नी वाचली; आई पुन्हा दिसली नाही. या तरुणाला रणावरचे शौर्य जमले नाही हे त्याने लपविले नाही. आपण शिपाईगडी नव्हे हे कळून चुकलेला माणूस, राज्याच्या संरक्षणाचे दायित्व अंगावर आले असता, ज्या साधनांनी ते पार पाडील, ती साधने लेखणीची, बातमीची, धीराची आणि वेळ साधण्याचीच असणार.

ते दायित्व लवकरच आले. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरास निवर्तले. नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा शनिवारवाड्यात भर दिवसा गारद्यांनी खून केला, आणि चुलते रघुनाथराव गादीवर बसले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर आहेत हे कळताच सखारामबापू बोकील, नाना, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी कारभाऱ्यांनी त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवले आणि त्यांच्या नावाने राज्य चालविले. यालाच बारभाईंचे कारस्थान म्हणतात. कारस्थान म्हणजे त्या काळच्या कागदांत राज्यकार्याची मसलत. आज तो शब्द उच्चारला की अंधाऱ्या खोलीतली कुजबूज डोळ्यांपुढे येते. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि एका तान्ह्या मुलाच्या पाळण्याभोवती मराठी दौलत सांभाळण्याची जबाबदारी या कारभाऱ्यांवर पडली. हुसकावला गेलेला रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेला. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस झालेल्या तहात त्याने गादीच्या बदल्यात साष्टी आणि वसई त्यांच्या पदरात टाकण्याचे कबूल केले, आणि मुंबईकर इंग्रजांना पुण्याच्या राजकारणात हात घालण्याची सबब मिळाली.

येथून पुढे खोपोली-खालापूरची वाट इतिहासाच्या ऐन प्रवाहात येते. मुंबईहून पुण्यावर फौज न्यावयाची तर बोरघाट हाच तोफांना त्यातल्या त्यात सुसाध्य असा रस्ता. या मुलखाने असले प्रसंग पूर्वीही पाहिले होते. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाच्या मोगली सैन्याची शिवाजीमहाराजांनी खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत कोंडी केली, ती याच सह्याद्रीच्या कुशीत. १७७८ च्या हिवाळ्यात एगर्टनच्या नेतृत्वाखाली कंपनीची फौज रघुनाथरावास घेऊन पनवेलीस उतरली. सुमारे चार हजार लढवय्ये, पण त्यांच्या सामानसुमानासाठी जमविलेले बैल तब्बल एकोणीस हजार. कॅप्टन स्ट्युअर्टच्या तुकडीने घाटमाथा आधीच रोखला होता. मुख्य सैन्य मात्र रस्ता नीट करीत, बैल हाकीत, मुंगीच्या पावलाने घाट चढले. नाना आणि महादजी शिंदे यांनी घाटात अडवणूक करून शिपाई खर्ची घातले नाहीत. शत्रूला वर येऊ दिले, पुढचा मुलूख ओसाड केला, तळेगाव जाळले, आणि वेळ पडल्यास खुद्द पुणे जाळण्याची सिद्धता ठेवली. पेशव्यांची राजधानी आपल्या हातांनी भस्मसात करण्यास तयार होणाऱ्या माणसाच्या मनाचा निर्धार केवळ ‘धूर्तपणा’ या शब्दात मावणारा नाही.

४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ स्ट्युअर्ट पडला. त्याच्या पराक्रमाची मराठ्यांनी इतकी कदर केली, की ‘ईष्टुर फाकडा’ या नावाने तो लोकांच्या तोंडी राहिला. ९ तारखेस इंग्रज तळेगावास पोहोचले, तो तेथे धान्याचा कण नाही, आश्रय देणारे माणूस नाही, रघुनाथरावाच्या बाजूने उठेल असे सांगितलेले लोकमत नाही. दोन दिवसांनी जड तोफा तळ्यात लोटून आणि साठा जाळून ते रात्रीच्या अंधारात माघारी फिरले, आणि वडगावास वेढले गेले. १६ जानेवारीस त्यांना शरणागतीचा करार लिहून द्यावा लागला. रणांगणावरचे नेतृत्व महादजींचे. परंतु शत्रूच्या प्रत्येक मुक्कामाची बातमी वेळेवर येणे, सरदारांचा रोजमुरा न तुटणे, फितुरीच्या वाटा आधीच बंद होणे, यांमागे पुण्याचे दफ्तर होते.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे, आणि तो पूर्णपणे या तालुक्यांचा आहे. जनरल गॉडर्डने डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतली. तिकडे कर्नाटकात हैदरअलीने सप्टेंबरात कर्नल बेलीच्या तुकडीचा पुरता निःपात केला होता, आणि मद्रासेच्या रक्षणासाठी इंग्रजांना पुण्याशी तह हवा होता. घाटावर चाल करून जाण्याचा धाक घातला की नाना नमतील, असा गॉडर्डचा हिशेब. फेब्रुवारी १७८१ मध्ये त्याच्या माणसांनी रात्री छापा घालून घाटाचा माथा काबीज केला, आणि तो स्वतः पायथ्याशी खोपोलीस तळ देऊन पुण्याच्या उत्तराची वाट पाहत बसला.

हा तळ कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. समोर उभा डोंगर, त्याच्या माथ्यावर आपली चौकी. मागे पनवेलपर्यंत पसरलेला उतार, आणि त्या उतारावरून येणाऱ्या रसदीवर संपूर्ण फौजेचे जीवित अवलंबून. माघाचा गारवा संपून फाल्गुनाचा उन्हाळा सुरू होतो, ओढे आटत जातात, बैल मरू लागतात, आणि पुण्याहून येणारी पत्रे मोठी सौजन्याची, पण अर्थाने एकच: हैदर आमचा दोस्त आहे, त्याला वगळून आम्ही तह करणार नाही. १७८० साली नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एका सूत्रात गोवून जी चौकडी उभी केली होती, तिच्यातला निजाम थंड पडला होता आणि भोसले आतून इंग्रजांशी बोलत होते, हे नानांना ठाऊक नसेल असे मानता येत नाही. तरीही पत्रातली भाषा बदलली नाही. इकडे परशुरामभाऊ पटवर्धन हजारो स्वारांनिशी कोकणात उतरून पनवेल-खोपोलीच्या रस्त्यावर घिरट्या घालू लागले. मार्चमध्ये पनवेलहून निघालेल्या रसदीच्या तांड्यावर त्यांनी असा मारा केला, की ती सोडवून आणण्यासाठी खोपोलीच्या छावणीतून ताज्या पलटणी पाठवाव्या लागल्या. घाटमाथ्याकडून हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांचा दाब होताच.

एप्रिलमध्ये गॉडर्डने पुण्याचा नाद सोडला. खोपोलीहून खालापूर, चौक आणि पनवेल हे अंतर एरवी दोन दिवसांच्या चालीचे. पण डाव्या-उजव्या झाडीतून आणि टेकाडांआडून मराठी स्वार व प्यादे अखंड मारा करीत होते, आणि ही लहानशी वाट इंग्रज फौजेला रक्ताने मोजावी लागली. पनवेलीस पोहोचेपर्यंत साडेचारशेहून अधिक माणसे मृत आणि जखमी झाली, आणि त्यांत युरोपीय अंमलदारही होते. मैदानी लढाई म्हणावी अशी एकही लढाई झाली नव्हती. एका कारभाऱ्याने केवळ नकार देत राहून, आणि त्या नकाराच्या आड आपल्या सरदारांना अवसर मिळवून देऊन, हिंदुस्थानातल्या नामांकित इंग्रज सेनापतीला घाटाच्या पायथ्यावरून परतविले.

इंग्रजांच्या मनात नानांविषयी जी अढी बसली, तिची जन्मभूमी हीच. त्यात इतर प्रसंगांची भर पडत होती. १७७७ साली सांल्युबँ नावाचा एक फ्रेंच गृहस्थ कोकणकिनाऱ्यावर उतरून फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यास आला. त्याच्या अधिकाराविषयी शंका घेण्यास भरपूर जागा होती. नानांनी मात्र त्याचा थाटामाटाने सत्कार केला, कारण फ्रेंच मैत्रीची नुसती छाया मुंबईच्या कौन्सिलाची झोप उडविण्यास पुरेशी होती, आणि काम होताच त्याची बोळवणही केली. १७ मे १७८२ रोजी सालबाईस महादजींच्या मध्यस्थीने तह ठरला, तेव्हा त्यावर पुण्याचे शिक्कामोर्तब होण्यास डिसेंबर उजाडला. हैदर जिवंत आहे तोवर इंग्रजांना मोकळे सोडावयाचे नाही हा त्यातला हेतू होता. ७ डिसेंबरला हैदर मरण पावला आणि मग नानांनी मान्यता दिली. ज्यांना या विलंबाची झळ लागली त्यांनी त्याला कपट म्हटले. हेच कृत्य लंडनच्या किंवा पॅरिसच्या मुत्सद्द्याने केले असते, तर त्यालाच दूरदृष्टी म्हणण्यात आले असते.

स्वजनांच्या बाजूनेही नावाला अशीच कळा आली. लोकपरंपरेने त्या शतकाचे साडेतीन शहाणे मोजले: सखारामबापू बोकील, नागपूरचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना अर्धे, कारण त्यांना तलवार चालवता येत नव्हती. वस्तुतः विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत पडला आणि बापूंचा अखेरचा काळ कैदेत गेला. राज्य पंचवीस वर्षे तगविले ते या अर्ध्या शहाण्याने. बारभाईंपैकी बाकीचे एकेक करून बाजूला पडले आणि सत्ता एका हाती आली, तेव्हा ज्यांची वतने गेली, ज्यांचे मनसुबे फसले, त्या सर्वांच्या घरांत नानांविषयीचा रोष कथेच्या रूपाने साठत गेला.

हा रोष सर्वस्वी निराधार नव्हता, आणि नानांवर ज्याची निष्ठा आहे त्याने तर हे आधी सांगितले पाहिजे. १७७८ साली चुलतभाऊ मोरोबा यांचा पक्ष मोडताना, आणि पुढे बापूंसारख्या वृद्ध सहकाऱ्याला किल्ल्यांवर अडकवून ठेवताना, नानांनी दया दाखविली नाही. पुण्याच्या कोतवालीवर घाशीरामाची नेमणूक करून त्याच्या जुलुमाकडे त्यांनी दुर्लक्ष केले. १७९१ च्या ऑगस्टअखेर कोंडून घातलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि शहर खवळून उठले, तेव्हा कोतवालाला लोकांच्या स्वाधीन करावे लागले व लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. सवाई माधवरावांवर त्यांनी इतका कडक पहारा ठेवला, की त्या तरुण पेशव्याला राज्य करण्याचा अभ्यासच घडला नाही. १७९५ च्या मार्चात खर्ड्याचा विजय मिळाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वाड्याच्या गच्चीवरून पडून पेशव्याचा अंत झाला. ज्याने सर्व सूत्रे स्वतःच्या बोटांत धरली, त्याच्या मागे सूत्र धरणारे बोट उरले नाही. नानांच्या राजनीतीतला हा सर्वांत मोठा दोष, आणि त्याचे फळ मराठी राज्याने भोगले. परंतु दोषांची ही यादी एका माणसाची, त्याच्या काळाची आणि त्याच्या भीतीची आहे. कपटाचा मूर्तिमंत पुतळा म्हणून जो नाना पुढे कथांतून आणि १९७२ पासून रंगभूमीवरूनही वावरला, त्याच्यात घाशीराम पुरेपूर आहे; त्याच्यात पानिपतच्या गवतातला मुलगा नाही, फडाचा ताळेबंद नाही आणि बोरघाटही नाही.

मॅकिआव्हेलीचा न्याय शेवटी त्याच्या ग्रंथांच्या पुनर्वाचनाने झाला, कौटिल्याचा शामशास्त्र्यांच्या प्रतीने. नानांचा न्याय होऊ लागला तो कागदपत्रांनी. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि पटवर्धनी दफ्तरातली पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त क्रमशः प्रसिद्ध केली, नानांच्या वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातले दफ्तर पारसनिसांच्या हाती आले, १९३० नंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर आणले. या पत्रांत भेटणारा नाना चाल खेळतो, माणसे जोखतो, प्रसंगी खोटेही बोलतो; पण त्याच हाताने तो फौजेच्या पगाराची तजवीज लावतो, सरदारांचे रुसवे काढतो, टोपीकरांचा पाय एकदा आत पडला की निघावयाचा नाही हे पुनःपुन्हा बजावतो. शब्दाला एवढा सगळा माणूस पेलत नाही. शब्द साधन तेवढे लक्षात ठेवतो आणि साध्य विसरतो. आणि साध्य विसरले की, दुबळ्या राज्याच्या रक्षणासाठी वापरलेली युक्ती आणि स्वार्थासाठी केलेली लबाडी यांत भेद करण्याचे आपले सामर्थ्यही नष्ट होते.

तो भेद करावयाचा कसा, याचा निकष इतिहासानेच देऊन ठेवला आहे: त्या बुद्धीने काय राखले होते, हे ती गेल्यावर काय गेले यावरून पाहावे. १७९७ च्या अखेरच्या दिवशी शिंद्यांच्या गोटात मिकेल फिलोज या युरोपीय अंमलदाराने दिलेला विश्वासाचा शब्द मोडून नानांना कैद केले. कपटाचे आचार्य म्हणून ज्यांची कीर्ती, तेच असे कपटाला बळी पडले आणि काही महिने अहमदनगरच्या किल्ल्यात राहिले. सुटून आल्यावर थकलेल्या देहाने त्यांनी पुन्हा कारभार हाती घेतला, आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यास देह ठेवला. तेथील इंग्रज रेसिडेंट कर्नल पामर याने वरिष्ठांना कळविले, की मराठी सरकारचे शहाणपण आणि संयम ही नानांबरोबरच गेली. ज्या परकीयांनी त्यांना मॅकिआव्हेली म्हटले, त्यांच्यापैकीच एकाची ही साक्ष आहे, आणि ती देताना त्याला काही मिळवावयाचे नव्हते.

पुढचा क्रम सर्वश्रुत आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस जाऊन तैनाती फौजेचा करार केला, आणि १३ मे १८०३ रोजी इंग्रजी संगिनींच्या छायेत तो पुण्यास परतला. एगर्टन आणि गॉडर्ड यांच्या तोफांना जे साधले नव्हते, ते नानांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आत एका सहीने साधले. १८०४ साली जनरल वेलस्लीने बोरघाटाची वाट तोफा नेता येतील अशी दुरुस्त करून घेतली. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने त्याच घाटात गाड्यांचा रस्ता खुला केला. जो घाट नानांनी पत्रांच्या, धीराच्या आणि मोजक्या स्वारांच्या बळावर दोनदा शत्रूला निष्फळ केला, तो त्यांच्यामागे चार वर्षांत परक्या तोफखान्याचा राजरस्ता झाला. कर्जत-खालापूरच्या शाळांतून मराठ्यांचा इतिहास शिकविताना उंबरखिंडीच्या शेजारी १७८१ चा हा फाल्गुन-चैत्रही शिकविला जावा. कारण पराक्रमाने राज्य मिळते हे आपण मुलांना आवर्जून सांगतो, पण मिळालेले राज्य पडत्या काळात कोणत्या सावध, अप्रिय आणि चिवट बुद्धीने टिकते हे सांगत नाही, आणि ज्यांनी ती बुद्धी खर्च केली त्यांना कपटी म्हणून मोकळे होतो. नाना फडणविसांवर असा ठपका ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्याच तालुक्याच्या भूमीवर उभे राहून एवढे तरी विचारावे, की त्या माणसाने फसविले ते कोणाला, आणि राखले ते कोणासाठी.